छातीत दुखत नाही

नाही, उठू नको अजून. वीज गेली म्हणजे काम संपलं असं होत नाही, काका — अर्धीच पट्टी निघालीय, हातापायांची. छातीची राहिलीय. मनगटाचे चिमटे असू दे तसेच, काढले तर परत जेली लावायची, परत सगळं पहिल्यापासून. आणि शर्ट अंगावर ओढू नको, जेलीने खराब होईल, मग काकी मला बोलेल. शुक्रवार आहे. शुक्रवारी दुपारी इथे वीज जाते हे काय तुला आज कळलं? जाते, तासाभराने येते, कधी लवकरही येते. तू आलासच मुळी अशा वेळेला — डॉक्टर डोंबिवलीच्या दवाखान्यात, कंपाउंडर जेवायला गेलेला, आत मी एकटी — आणि मुद्दाम आलास, ते कळतंय मला. बाहेर केसपेपरवाल्या बाईंना म्हटलं, माझे सख्खे काका, बाबांचे थोरले भाऊ, तर त्या हसल्या. म्हणाल्या, मग काय, घरचाच कार्डिओग्राम. घरचा म्हणजे काय? घरच्या माणसाचं हृदय वेगळ्या विजेवर चालतं का? इथे मी सगळ्यांना अहो-जाहो करते. तुलाही मघाशी सवयीने 'या, शर्ट काढा, झोपा' म्हणाले, तर तू असं बघितलंस माझ्याकडे, जसं मी कोणी परकीच झाले.

बोलू नको. बोलायचं नसतं यात, पडून राहायचं असतं. तू काय मागणार आहेस ते मी दारातच ओळखलंय. रविवारी देवीची पालखी डोंगरावर निघणार. आपल्या घराचा पुढचा खांदा, एक वर्ष तुझा, एक वर्ष बाबाचा, असं आजोबांपासून ठरलेलं. यंदा परत तुझा. आणि नेमकं परवा काकीने तुला जिन्यात बसलेला बघितलं, दुसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून — तू म्हणालास चपलेचा अंगठा तुटला. काकी काय चपला बघत नाही का? ती म्हणाली, कार्डिओग्राम काढून दाखव, मग डोंगर चढ. म्हणून आलास. म्हणजे मी पट्टी काढायची आणि संध्याकाळी कोळीवाड्यात येऊन तिला सांगायचं, सगळं नीट आहे ग काकी, जाऊ दे त्याला. एवढंच ना? दवाखान्यात आपली पोर लावलीय ती कशाला — हो, 'लावलीय' असंच म्हणतोस तू सगळ्यांना. बीएस्सी मी केलं, जाहिरात मी वाचली, मुलाखतीला मी गेले, आणि लावली तू. असो. त्याचा राग नाही मला. कशाचाच फारसा येत नाही हल्ली. पूर्वी कसं, तुम्ही कोणी मोठी माणसं एकत्र बसून काही ठरवलंत की माझं डोकं तडकायचं, आई म्हणायची, ही पोर भांडून भांडून म्हातारी होईल. आता तडकत नाही. नुसतं ऐकू येतं.

पोटाकडे काय बघतोस, पोट आहेच तिथे. पलीकडच्या हाताला चिमटा लावायला त्याच्यावरून माझा हात पोचेना, पलंगाला वळसा घालून जावं लागलं. तू म्हणतोस, हे खात्यापित्या घरचं पोट. बाबा पण हेच म्हणायचा, थाप मारायचा त्याच्यावर. बरं, मला सांग — नको, सांगू नको, मीच सांगते. साखरेची गोळी तू घेतोस त्या स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडून. प्रेशरची गोळी घेतोस तुमच्या ऑफिसच्या डॉक्टरकडून. रक्तात चरबी निघाली ते कोणालाच सांगितलं नाहीस, कारण त्याचं काही दुखत नाही. आणि पोटासाठी कोणाकडेच जात नाहीस, कारण पोट म्हणजे आजार नाही. एका डॉक्टरला दुसरा माहीत नाही. का? तर वाईट वाटेल. पहिल्याला वाटेल याचा माझ्यावर भरवसा नाही. डॉक्टर म्हणजे काय सोयरे आहेत, एकाकडे जेवलो हे दुसऱ्याला कळायला नको? बाबाचंही हेच. कपाटात गोळ्यांचे दोन डबे, एक वरच्या खणात, एक खालच्या, आणि दोन्हीचं एकमेकांशी बोलणं नाही.

आमचे डॉक्टर सांगतात, हे चार आजार नाहीतच. हा एकच आहे. बाहेरच्या देशात त्याला नाव सापडलं नव्हतं म्हणून नुसतं 'एक्स' म्हणाले, सिंड्रोम एक्स. पोटावर चरबी साठते, मग शरीर आपल्याच इन्सुलिनला जुमानत नाही, मग साखर चढते, प्रेशर चढतं, रक्तात चरबी फिरते. चौघे एकाच चुलीवर जेवणारे. आणि चौघे मिळून जातात कुठे, तर इथे. हृदय काय आहे — पंप आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या पंपाला वीज लागते. कुठून बाहेरून नाही, आतच तयार होते. एक ठिणगी पडते, ठोका पडतो, मग तेवढा भाग परत भरून घ्यावा लागतो, पुढच्या ठिणगीसाठी. हा भरून घ्यायचा वेळ असतो ना, तुझ्यासारख्यांचा तो लांबतो. पट्टीवर दिसतो, मोजता येतो. ठोक्याच्या रेघेत जी शेवटची टेकडी उभी असायला हवी ती आडवी होते, कधी उलटीच होते. आणि त्या लांबलेल्या वेळात भलतीच ठिणगी पडली तर सगळी लय मोडते. दिव्याचं कसं, व्होल्टेज कमी झालं की लुकलुकतो, तेव्हा कळतं. हे माणसाला आतून कळत नाही.

मला हे सांगायची परवानगी नाहीय खरं तर. मी काढायची, वाचायची डॉक्टरांनी. पण तू कुठे पेशंट आहेस, तू घरचा.

पडून राहा ना. पाणी देते, पण मान उचलून एकच घोट. — मला कधी कधी वाटतं, हे सगळं त्या खुर्चीत झालं. तुम्ही दोघं होडी चालवायचात तेव्हाचे फोटो आहेत ना आईकडे, तू आणि बाबा, काठावर उभे, बरगड्या मोजाव्यात असे. मग खाडीत मासा उरला नाही. जाळ्यात काळा चिखल नि प्लॅस्टिक. मग तुम्ही दोघं जकात नाक्याला लागलात, आणि आजीने गावभर पेढे वाटले, पोरं आता बसून खातील. बसूनच खाल्लंत. ट्रकवाले चहा पाजायचे, दिवसभर, पाक केल्यासारखा गोड. आणि घरी ताट तेच राहिलं, पहाटे वल्हं मारायला जाणाऱ्या माणसाचं ताट — चार तांदळाच्या भाकऱ्या, वर भाताचा डोंगर, वर तळलेलं. आई कमी वाढायला गेली की बाबा म्हणायचा, मंजुळा, घरात काही कमी पडलंय का? मी बोलायचे. खूप बोलायचे. मी म्हणायचे, बाबा, होडी गेली पण भूक नाही गेली तुझी. तू तिथेच बसलेला असायचास, तू म्हणायचास, कॉलेजात बापाचा घास मोजायला शिकवतात काय रे, नामा? आणि तुम्ही दोघं हसायचात. छान हसायचात तुम्ही. मी उठून जायचे.

हां, आता त्या डोंगरावरच येते. तुलाच ऐकायचं असतं ना ते, तू प्रत्येकाला सांगतोस. मी पण होते तिथे, बायकांमध्ये, मागे. बाबाचा खांदा होता. सकाळपासून उपाशी, कारण खांद्यावाल्याने देवीला बघितल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आणि उपाशीपोटी गोळी घेत नाहीत, म्हणून गोळ्याही नाहीत, ना वरच्या खणातली ना खालच्या. ऊन हे असं, चैत्राचं. बेंजो वाजतोय, गुलाल उडतोय, पायऱ्या गरम. अर्ध्या चढावर त्याने खांदा बदलून घेतला, बाजूला झाला आणि पायरीवर बसला. मी गर्दीतून पुढे आले. शर्ट पिळून काढावा असा घाम. मी म्हटलं, बाबा, छातीत दुखतंय का? म्हणाला, नाय ग. मी परत विचारलं, हात दुखतोय? पाठ? नाय. काय नाय दुखत. वारा किती छान सुटलाय बघ, म्हणाला. वारा नव्हता काका. झाडाचं पान हलत नव्हतं. मग हसला, माझ्याकडे नाही, वर देवळाच्या बाजूला बघून. आणि मान टाकली. तू धावत आलास. तू पहिल्यांदा काय म्हणालास आठवतंय? डॉक्टर बोलवा नाही म्हणालास. तू म्हणालास, देवी आईने उचलला त्याला.

आणि मग तेच झालं. सगळे तेच म्हणाले. वेदना नाही, तळमळ नाही, हसत गेला, देवीच्या दारात गेला, असं मरण पुण्याईशिवाय येत नाही. लोक त्याच्या पाया पडत होते. त्या पायरीवर आता हळदकुंकू असतं. आई — आई त्यावर जगते. कोणी भेटायला आलं की ती पहिल्यांदा रडते आणि मग सांगते, दुखलं नाही हो त्यांना, आईने फुलासारखं उचललं. सांगून झालं की तिचा चेहरा जरा सैल होतो. मग ती चहा टाकते. मी समोर बसलेली असते. मी नाही रडले कधी, तुमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं ते. काकी म्हणाली, पोरीचं काळीज दगडाचं. असेल. मला काही वाटलंच नाही, अजूनही वाटत नाही, हात झोपेत अंगाखाली येऊन बधिर होतो ना, आपलाच असून आपला नसतो, तसं. मी मग ही नोकरी घेतली.

इथे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एक बाई आल्या. साखरेच्या जुन्या पेशंट. पाय दाखवायला आल्या होत्या, टाचेत बारीक खिळा घुसलेला, पत्ता नव्हता त्यांना. डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर कार्डिओग्राम काढू. मी काढला. त्यांना झटका येऊन गेलेला होता, कधीतरी, कळलंच नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं, झटका म्हणजे माणूस छाती धरून ओरडतो ना? तर ते म्हणाले, साखर वर्षानुवर्षं मुरली की नसा मरतात. पायाच्या मरतात हे लोकांना माहीत असतं, तशा हृदयाच्याही मरतात. मग हृदय आतल्या आत मरत असतं आणि दुखण्याची बातमी वर पोचत नाही. नुसता घाम येतो. दम लागतो. कधी हलकं वाटतं.

मी पट्टी कापली, पाकिटात घातली, पुढच्या पेशंटला हाक मारली.

कळतंय का तुला मी काय म्हणतेय? देवीने नाही — नाही, मी देवीला काही बोलत नाहीय, तू हात सोडवू नको, ऐक. मी एवढंच म्हणतेय की त्याला दुखलं नाही ते पुण्याईने नाही. दुखलं असतं तर तो खालीच बसला असता. पहिल्या पायऱ्यांनाच बसला असता, ओरडला असता, आपण उचलून खाली आणला असता. दुखलं असतं तर वाचला असता काका. न दुखणं हाच आजार होता त्याचा. आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला आशीर्वाद म्हटलंत, आणि वर्षश्राद्धाला पान वाढलेलं असताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, मला पण असंच मरण द्यावं देवी आईने, नामासारखं. सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी भात वाढत होते. मी वाढत राहिले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. का सांगतेय तुला कोण जाणे. आज सांगायचं नव्हतंच.

आली वीज. बघ, पंखा फिरायला लागला. — नाही, तरी उठू नको. थांब जरा, मी येते तिकडून. ही अर्धी पट्टी बघ, मान वळवू नको, मी धरते वर. हे चौकोन आहेत, ही रेघ. हा ठोका. ठोक्याच्या आधी हा खोल खड्डा दिसतो? पायाच्या चिमट्यावरच्या तिन्ही रेघांमध्ये आहे. हा असायला नको. हृदयाचा जो भाग मेलेला असतो तो विजेला उत्तर देत नाही, तिथे असा खड्डा पडतो. आणि ही मागची टेकडी, उलटी. हे आजचं नाही. जुनं आहे, काही महिन्यांचं. थंडीत आईकडे जेवायला आलेलास, ताटावरून उठून खिडकीशी जाऊन बसलास, आठवतंय? कपाळ ओलं होतं. म्हणालास, गॅस झालाय. आईने सोडा दिला, तू ढेकर दिलीस, तुझा राघो म्हणाला, बाबांचा हॉर्न वाजला, सगळे हसले. मी पण हसले असेन. तो गॅस नव्हता काका. तुला झटका येऊन गेलाय. तू तेव्हाही म्हणालास, मना काय नाय झाला. आणि खरंच तुला काही झालं असं वाटलंच नसणार.

आणि ही पुढची रेघ, ही आजची आहे, इथे ठोके नीट रांगेत नाहीत. मधे मधे एक येतो वेडावाकडा, रुंद, आगाऊ. म्हणून म्हणते पडून राहा.

तुला काय वाटलं, मी एवढी का बोलतेय? एरवी घरी चार शब्द बोलत नाही मी. मघाशी पाणी आणायला म्हणून बाहेर गेले तेव्हा डोंबिवलीला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, त्यांना हलू देऊ नको, कसंही करून आडवं ठेव, मी निघालो. म्हटलं, ते ऐकणार नाहीत, वीज आली की जातील, माझे काका आहेत. म्हणाले, मग बोलत बस. म्हणून बोलतेय. तुला थांब म्हटलं असतं तर तू थांबला असतास? तू म्हणाला असतास, ए पोरी, मना दुखत नाय.

रविवारचं विसर. मोठ्या दवाखान्यात ठेवतील तुला, आज, इथूनच नेऊन. काकीला केसपेपरवाल्या बाई निरोप देतील, मीच दिलाय सांगून. ती येईल. तिच्यासमोर धट्टाकट्टा दिसायचा प्रयत्न करू नको, तिने तुला जिन्यात बघितलंय.

काय? — हळू बोल, ओठ हलव फक्त, कळतं मला.

नाही. आईला नाही सांगितलं. सांगणार नाही. तिला ते असू दे.

हो, तेवढं खरं आहे. नाही दुखलं त्याला. जराही नाही. मी अगदी जवळ होते.

खांदा राघोला दे. तुझाच मुलगा आहे, दुसरा कोण घेणार? तो घाबरतो, पण घेईल. त्याला म्हणावं, पोटात काहीतरी घालून चढ, देवी काही रागवत नाही — नको, हे तू नाही म्हणायचास, हे मी म्हणेन.

आणि लोकांचं काय, म्हणजे? लोकांना काय सांगायचं? दामाजी घाबरला, भावासारखं मरण येईल म्हणून डोंगर चढला नाही, असं म्हणतील — याची काळजी वाटते तुला? इथे हे असं पडलेला असताना? — बरं. बरं, हलू नको. डोळे पुसायला हात वर नको करू, चिमटा सुटेल, मी पुसते. सांग त्यांना, नामाच्या पोरीने अडवलं. दवाखान्यात नोकरी लागली म्हणून शेफारली, पालखीत खोडा घातला, काकाला पलंगाला बांधून ठेवलं. सगळे लगेच खरं मानतील, माझ्याबद्दल काहीही खरं मानतात ते. गावकीच्या मिटिंगमध्ये बसून घाला मला शिव्या, तू पण घाल दोनचार, जरा जोरात घाल. मला काही वाटणार नाही.

खरंच नाही वाटणार.

फाटक वाजलं. गाडी आली डॉक्टरांची. शर्ट राहू दे. माझा हात सोड आता, मला छातीचे लावायचेत, ते आत येईपर्यंत पट्टी पुरी व्हायला हवी. श्वास साधा घे. आता मी बोलत नाही, तूही बोलू नको, आता ते बोलतील.